युगांडाची शाळा आणि शेख सरांचा फॉर्म

शनिवार, एक ऑगस्ट. सकाळचे अकरा. ठिकाण : अहमदपूर, बसस्टँडच्या मागच्या गल्लीतलं एक घर. हजर : ईश्वरी, वय दहा, जिच्यासाठी शाळा निवडायची आहे ती. तिची आई रेखा. आजोबा, ज्यांना घरात आणि गल्लीत सगळे आबा म्हणतात. ईश्वरीचे वर्गशिक्षक शेख सर. आणि मी. गैरहजर : ईश्वरीचे वडील व्यंकट. पण ते युगांडातून फोनवर होते आणि तो फोन स्पीकर चालू करून पाण्याच्या तांब्याला टेकवून ठेवला होता, म्हणून त्यांनाही हजर धरलं.

प्रत्येक बैठकीची मी अशी नोंद करते. "मॅडम, ग्रामसभा हाय का ही?" आबांनी विचारलंच. "हाव आबा," मी म्हटलं, "कोरम झाला, चालू करू." लोक हसतात, पण नोंद नसली की महिन्याभरानं प्रत्येकजण म्हणतो, मी तर तेव्हाच सांगितलं होतं.

माझं काम काय ते आधी सांगते, कारण माझ्या सख्ख्या नणंदेलाही ते अजून नीट कळलेलं नाही. आई-बापांपैकी कुणाची नोकरी परदेशात लागली की मुलांना तिथं कुठल्या शाळेत घालायचं, ते ठरवायला मी मदत करते. व्हिसा, तिकीट, घर यातलं काही करत नाही. फक्त शाळा. मंगळवार-बुधवार लातूरला बसते, बाकीचे दिवस नांदेडला. त्याआधी नांदेडच्या एका शाळेच्या ऑफिसात बावीस वर्षं काढली. तिथं परदेशी निघालेले पालक दाखला न्यायला यायचे आणि पुढचं काय म्हणून मलाच विचारायचे. मी माहिती काढून वहीत लिहायला लागले. वही भरली, दुसरी घेतली. तिसऱ्या वहीच्या वेळी नोकरी सोडली.

परदेश म्हटलं की सगळ्यांच्या डोळ्यांसमोर अमेरिका येते. आमच्याकडचे लोक कुठं जातात ते बघा : नर्स आखातात जातात, संगणकवाले जर्मनीला, आणि साखर कारखान्यातले केमिस्ट, फिटर आफ्रिकेत. उसाचं काम आपल्याइतकं येणारी माणसं तिकडे लागतात. व्यंकट असाच केमिस्ट म्हणून एप्रिलमध्ये गेला.

माझ्याकडे येणाऱ्यांचा पहिला प्रश्न ठरलेला : तिथली सगळ्यात भारी शाळा कोणती? माझ्या वहीत हा प्रश्नच नाही. वहीतला पहिला प्रश्न असा आहे : किती वर्षांसाठी चाललात, आणि तिथून पुढे कुठे? दोन-तीन वर्षांत परत यायचं असेल तर तिकडची भारतीय बोर्डाची शाळा बरी, मूल परत आल्यावर अडत नाही. देश बदलत राहायचं असेल तर ब्रिटिश पद्धतीची शाळा सोयीची, ती बहुतेक शहरांत सापडते. आणखीही एक आंतरराष्ट्रीय पद्धत आहे, तिच्यात प्रकल्प फार असतात आणि ते आई-बापांनाच करावे लागतात की काय अशी भीती लोकांना वाटते. तसं नसतं. दुसरा प्रश्न : मूल रोज बसमध्ये किती वेळ बसणार? तिसरा : सकाळी अकरा वाजता शाळेतून फोन आला की मुलाला ताप आहे, तर आणायला कोण जाणार आणि कशानं? चौथा : इंग्रजी कच्चं असलेल्या मुलाला तिथं वेगळं शिकवतात का, की वर्गात नुसतं बसवून ठेवतात? इमारत आणि पोहण्याचा तलाव माझ्या यादीत शेवटून पहिले आहेत, पण घरोघरी बोलणं सुरू होतं तलावाच्या फोटोपासूनच.

लातूरचे एक गृहस्थ दोहाला निघाले होते. त्यांनी खुर्ची ओढून बसायच्या आत विचारलं, "तिथं नीटची तयारी होती का?"

मी म्हटलं, "साहेब, पोरगा दुसरीत आहे."

"म्हणूनच तर विचारायलो. धा वर्षं कशी जातील कळणार न्हाई."

मी हसले नाही. लातूरमध्ये घरोघरी डॉक्टरकीच्या प्रवेश परीक्षेची तयारी चालते, तिथं हा प्रश्न म्हणजे नळाला पाणी कधी येतं असं विचारण्यासारखा आहे. आणि खरं सांगायचं तर, हा माणूस बरोबर होता. आपण परत कुठं येणार हे त्याला पक्कं ठाऊक होतं. निम्म्या लोकांना ते ठाऊक नसतं. त्याचं काम अर्ध्या तासात झालं.

उदगीरच्या एका कुटुंबाचं मात्र माझ्यामुळे चुकलं. पहिल्याच दिवशी शारजाहून आईचा फोन, रडवेला. "मॅडम, शाळेनं बोलावलंय. पोरानं काय चोरलं का काय कळंना." चोरी वगैरे नव्हती. डबा होता. डब्यात कूट घातलेली भेंडी, दाण्याची चटणी, आणि मधल्या सुट्टीला वेगळ्या पुडीत गूळ-शेंगदाणे. त्या शाळेच्या आवारात दाणा आणायला बंदी होती, कारण काही मुलांना नुसत्या वासानंही श्वास लागतो. शाळेनं डबा कपाटात बंद केला आणि पोराला पावाचे दोन तुकडे दिले. हा नियम पत्रकाच्या अकराव्या पानावर होता आणि मी तो वाचलेला होता. वाचून पुढे गेले होते, दाण्याचं एवढं काय म्हणून. आपल्याकडे कूट हा पदार्थ नाहीच मुळी, तो मिठासारखा असतो, त्याची वेगळी नोंद कोण घेणार? आता माझ्या यादीत एक ओळ आहे, नुसता एकच शब्द : कूट. ती वाचून प्रत्येक घरातली आजी विचारते, "मग भाजीत घालायचं काय?"

हे झालं हसण्यावारी नेण्यासारखं. उमरीच्या मुलाचं तसं नाही.

त्यासाठी एक गोष्ट समजावून घ्यावी लागेल. आपल्या शाळा सोडल्याच्या दाखल्यावर दोन रकाने असतात. अभ्यासातील प्रगती. वर्तणूक. बावीस वर्षांत मी किती दाखले लिहिले त्याची मोजदाद नाही, पण त्या दोन रकान्यांत काय लिहिलं ते सांगते : चांगली, चांगली. काच फोडणाऱ्याची वर्तणूक चांगली, दोनदा नापास झालेल्याची प्रगती चांगली. यात लबाडी आहे असं कुणालाच वाटत नाही. मूल दुसऱ्या दारात चाललंय, त्याच्या पाठीमागे वाईट लिहायचं नाही, ही आपली रीत. पुढची शाळाही ते वाचत नाही.

परदेशातली शाळा वाचते, आणि वाचून त्याप्रमाणे करते.

उमरीचा मुलगा सात वर्षांचा होता. हुशार, बोलका, पण अक्षरं वाचताना अडायचा. ओळीवरून बोट सरकायचंच नाही. मस्कतच्या शाळेच्या फॉर्मवर प्रश्न होता : शिकताना काही वेगळी मदत लागते का? वडिलांनी माझ्याकडे बघितलं, मी त्यांच्याकडे. मी लिहिलं, नाही. दाखला लिहिणारा हात तसाच चालला. शाळेनं त्याला नेहमीच्या वर्गात बसवलं आणि दोन महिन्यांनी कळवलं की अशा मुलाला शिकवणारी व्यक्ती आमच्याकडे नाही, तुम्ही आधी सांगितलं असतं तर आम्हीच दुसरी शाळा सुचवली असती. आई आणि मुलगा परत उमरीला आले. वर्षाच्या मध्ये कुठली शाळा घेणार? उरलेलं वर्ष तो घरी बसला. त्याच्या वडिलांनी मला एका शब्दानं बोल लावला नाही. त्यांनीही मान डोलावली होती ना.

आता अहमदपूरच्या बैठकीकडे येते. व्यंकटनं दोन शाळा काढल्या होत्या. एक शहरातली मोठी, कारखान्यापासून दोन तासांवर, म्हणजे ईश्वरी आठवडाभर वसतिगृहात राहणार. दुसरी छोटी, कारखान्यापासून अर्ध्या तासावर. दोन्ही ब्रिटिश पद्धतीच्या, दोन्हींत जानेवारीपासून प्रवेश मिळत होता. मोठ्या शाळेनं जागा आहे म्हणून कळवलंही होतं. दोन्हींना तेच दोन फॉर्म चालणार होते : एक पालकांचा, एक वर्गशिक्षकांचा. शेख सरांनी आपला फॉर्म आधीच भरून आणला होता. मी तो स्कॅन करून पाठवणार होते. चौदा प्रश्न होते. तेरा प्रश्नांपुढे सरांनी सुरेख अक्षरात लिहिलं होतं, एक्सलंट. चौदावा प्रश्न, या मुलाला काय अवघड जातं? पुढे लिहिलं होतं, नथिंग.

ईश्वरी पाणी घेऊन आली आणि माझ्या उजव्या बाजूला येऊन बसली. मी वहीत बघतच विचारलं, "पाचवीत ना गं तू?" उत्तर नाही. पुन्हा विचारलं. ती टेबलावरचा शाळेचा फोटो बघत होती. रेखानं तिच्या खांद्याला हात लावला, तशी ती सगळीच्या सगळी माझ्याकडे वळली. "हां, पाचवीत."

मी पेन खाली ठेवलं. "रेखा, तिला ऐकायला कमी येतं का?"

आबा म्हणाले, "सर्दी हाय तिला."

शेख सर सतरंजीकडे बघायला लागले. तांब्याजवळून व्यंकटचा आवाज आला, "काय झालं? गप का झाले सगळे?"

"सर्दी न्हाई आबा," रेखा म्हणाली. "सांगू द्या मला." आणि तिनं सांगितलं. चार वर्षांची असताना गालगुंड झालं, त्यात डावा कान गेला. लातूरच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं की तो परत येणार नाही, उजवा एकदम चांगला आहे, त्यावर तिचं सगळं होईल. तसं होतंही होतं. पालकांच्या फॉर्मवर प्रकृतीच्या रकान्यात रेखानं लिहिलं होतं, काही नाही.

मी म्हटलं, हे लिहावं लागेल. आणि उमरीच्या मुलाचं सांगितलं, माझ्या हातानं काय लिहिलं त्यासकट.

"मॅडम, लिहिलं तर सीट जाईल," व्यंकट म्हणाला.

"जाऊ शकते."

"मग?"

"मग गेली तर जाईल. तिथं जाऊन परत येण्यापेक्षा आत्ता गेलेली बरी."

आबा सरसावले. "पोरीचं हाय मॅडम. आज तिकडं कागदावर आलं की उद्या इकडं सोयरिकीत येतंय."

"आबा, युगांडातला कागद अहमदपुरात कोण वाचणार?"

"व्हॉट्सअॅप हाय ना."

शेख सर हळूच म्हणाले, "मॅडम, तुमचं खरं हाय. पण लेकरू एवढ्या लांब चाललं, त्याच्या मागं मी त्याचं कमीपण लिहू? माझा हात चालत न्हाई."

तो हात मी ओळखत होते. त्यावर भाषण करून काही झालं नसतं. मी नेहमीचाच एक प्रश्न विचारला, जो मी सगळ्याच मुलांना विचारते : "ईश्वरी, वर्गात तू कुठं बसतेस?"

"पयल्या बाकावर. भिंतीकडं. डावी बाजू भिंतीला."

"का गं?"

"म्हंजे सगळे उजवीकडून बोलतेत. सरांनीच बसवलंय." मग ती आपण होऊन सांगत सुटली. सर शुद्धलेखन घालताना फिरत नाहीत, तिच्यासमोर उभे राहून सांगतात. मागून कुणी हाक मारली तर ती कुठून आली हे तिला कळत नाही, म्हणून वर्गात कुणी मागून हाक मारायची नाही, पुढे यायचं, असा सरांचा नियम आहे. "आणि खो-खोत खो देताना माझ्या पाठीवर जोरात मारायचं. नुसतं तोंडानं खो म्हणायचं न्हाई. सागर तर लईच जोरात मारतो."

रेखाला यातलं निम्मं माहीत नव्हतं. ती सरांकडे वळली.

"ते काय, आपलं असंच," सर म्हणाले. "दोन वर्षांत सवय झाली वर्गाला."

मी म्हटलं, "सर, चौदाव्या प्रश्नापुढे कमीपण लिहू नका. हे लिहा. तुम्ही काय काय करता ते."

कोरा फॉर्म माझ्याकडे होता. सर मराठीत सांगत गेले, मी इंग्रजीत लिहिलं, सरांनी माझं व्याकरण दोन ठिकाणी सुधारलं. पूर्ण झाल्यावर मी मराठीत वाचून दाखवलं. आबांनी लक्ष देऊन ऐकलं. "ही तर सगळी सरांची तारीफ झाली," ते म्हणाले. "ह्यात पोरीचं वाईट कुठं हाय?" पण पालकांच्या फॉर्मचं म्हटल्यावर ते पुन्हा अडले. व्यंकटनंही सीटचंच पुन्हा काढलं.

रेखानं फॉर्म स्वतःकडे ओढला. "वर्गात जाऊन ती बसणार हाय. आबा न्हाई, मी न्हाई, आन तुमी पण न्हाई," हे शेवटचं तांब्याकडे बघून. "तिला तिथं भिंत कोण दाखवणार?"

मग व्यंकट म्हणाला, "लिव."

चौथ्या दिवशी मोठ्या शाळेचं उत्तर आलं. त्या वर्गात आता जागा शिल्लक नाही, खेद आहे. फॉर्म वाचून भरली की खरंच भरली, ते कळायला मार्ग नाही. व्यंकट फोनवर एवढंच म्हणाला, "बोललो होतो मी." मी ते वहीत लिहिलं, तारखेसह. त्यानं बोलायला हवंच होतं. मी लिहायला लावलं नसतं तर कदाचित त्या दिवशी त्यांच्याकडे जागेचं पत्र असतं.

छोट्या शाळेकडून दहा दिवस काहीच नाही. मी रोज मेल उघडत होते आणि लातूरला निघताना एस.टी.त बसल्यावर परत उघडत होते. अकराव्या दिवशी आलं. त्यात उत्तर नव्हतं, प्रश्नच होते. दहावीचा निकाल वाचावा तसा मी तो घाईनं वाचला आणि मग सावकाश. कोणता कान? कानात यंत्र आहे का? ती पोहते का, आणि कानात पाणी गेलेलं चालतं का? आणि शेवटी : ज्या शिक्षकांनी हा फॉर्म लिहिला त्यांच्याशी आमच्या पाचवीच्या शिक्षिकेला पंधरा मिनिटं बोलता येईल का?

"इंग्रजीत?" शेख सरांनी फोनवर विचारलं. मग म्हणाले, "येतो."

मंगळवारी ते लातूरला माझ्या खोलीवर आले. इस्त्रीचा शर्ट, खिशाला दोन पेनं. समोर पडद्यावर एक पन्नाशीच्या बाई, हातात वही. वही बघून मला बरं वाटलं. सर पहिली पाच मिनिटं अडखळले. नंतर बाईंनी खो-खो म्हणजे काय ते विचारलं, आणि सरांचं इंग्रजी संपलं. ते उठले, मला म्हणाले, "मॅडम, जरा बसा असं पाठ करून," आणि कॅमेऱ्यासमोर माझ्या पाठीवर खो दिला. चांगला सणसणीत. पलीकडे बाई हसल्या, मग वहीत काहीतरी लिहून घेतलं आणि म्हणाल्या, आमच्याकडे पकडापकडीचा एक खेळ आहे, त्यात हे करता येईल. पंधरा मिनिटांची पस्तीस झाली. खिडकी कुठल्या बाजूला, फळा कुठे, मैदान केवढं, सगळं त्यांनी एकमेकांना विचारलं. मी मध्ये फक्त दोनदा बोलले.

खाली उतरताना सर म्हणाले, "त्यांनी कान किती गेलाय ते विचारलंच न्हाई. मी काय करतो तेवढंच विचारलं."

शुक्रवारी जागा राखून ठेवल्याचं पत्र आलं. व्यंकटनं ते तिथल्या सहकाऱ्यांना दाखवलं असं रेखा सांगत होती. आबांनी पत्र माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं आणि "शिक्का कुठंय?" एवढंच विचारलं. त्यांच्या मनातलं सोयरिकीचं भय गेलेलं नाही. ते एका पत्रानं जाणारही नाही.

पत्रासोबत एक पान आहे. ते भरून गेल्याशिवाय प्रवेश पक्का धरत नाहीत. वर एकच प्रश्न : आमच्या शाळेला तुझ्याबद्दल काय माहीत असावं असं तुला वाटतं? खाली ओळी मारलेल्या आहेत. मुलानं स्वतः लिहायचं, स्वतःच्या भाषेत चालेल, मोठ्यांनी मदत करू नये.

शेवटच्या अटीचा सगळ्यांना त्रास होतो आहे. शेख सरांनी एक कच्चा मसुदा केला होता, तो मी त्यांच्या खिशात परत घालायला लावला. आबांचं म्हणणं, पहिला नंबर येतो ते लिही आणि सही कर. रेखा स्वयंपाक करता करता ईश्वरीच्या पाठीमागून दोनदा डोकावून गेली. मलाही एस.टी.त तीन चांगली वाक्यं सुचली होती. ती मी कुणाला सांगितली नाहीत.

काल ईश्वरीचा फोन आला होता. "मॅडम, पेननं लिहायचं का पेन्सिलनं?"

"तुला कशानं सोपं जातं?"

"पेन्सिलनं. खोडता येतंय."

"मग पेन्सिलनं."

"आन पान पुरलं न्हाई तर?"

"मागची बाजू आहे."

दाखल्यावरचे शिक्के झाले. लसीकरणाचं कार्ड स्कॅन झालं. पासपोर्टच्या प्रती गेल्या. डब्याच्या सूचना वाचून झाल्या, त्यात कूट बंद आहे हे रेखाला लेखी दिलं. पान सोमवारपर्यंत पाठवायचं आहे. आज गुरुवार, आणि ते अजून ईश्वरीकडे आहे.